इंटरच्या परीक्षेला निघालेला विनायक सुरतला उतरला, म्हणून देशाला विनोबा मिळाले

तारीख होती २५ मार्च १९१६. बडोद्याहून मुंबईकडं जाणाऱ्या रेल्वेत २० वर्षांचा एक पोरगा बसला होता. नाव विनायक नरहर भावे. मुंबईत इंटरची परीक्षा होती आणि तो ती द्यायला निघालाय, एवढंच घरच्यांना माहीत होतं.

गाडी सुरतला थांबली आणि विनायक सरळ खाली उतरला.

घरी पत्र धाडलं. परीक्षेला न जाता दुसरीकडं चाललोय, पण हातून काही वावगं होणार नाही याची खात्री असू द्या, असा त्याचा मतलब होता. मग सोबतच्या दोन मित्रांना घेऊन त्यानं काशीची गाडी धरली.

परीक्षेच्या धास्तीनं घर सोडून पळालेली पोरं त्या काळातही कमी नव्हती. पण विनायकचं गणित इतकं पक्कं होतं की नापास व्हायची भीती त्याला कधीच नव्हती. त्याची अडचण वेगळी होती. आपण जन्माला कशासाठी आलोय हे शोधायचं, आणि त्याचं उत्तर कॉलेजात मिळणार नाही, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

हाच पोरगा पुढं विनोबा भावे झाला. भूदान, गीताई, पवनार, पहिला वैयक्तिक सत्याग्रही, भारतरत्न हे सगळं शाळेच्या पुस्तकात येतं. पण सुरत स्टेशनवर उतरलेल्या त्या पोराला जे हवं होतं ते मिळालं का, आणि मिळालं तर कुठं, ही गोष्ट पुस्तकात सहसा येत नाही.

सुरुवात करावी लागते ती गागोद्यापासून. आजच्या रायगड आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं पेणजवळचं हे छोटं गाव. ११ सप्टेंबर १८९५ ला विनायकचा जन्म इथं झाला. आजोबा शंभुराव देवभक्त. वडील नरहरपंत मात्र एकदम विज्ञानाच्या बाजूचे. नोकरी बडोद्याला, रंगांचे प्रयोग करायची हौस, आणि पोरानं शिकून मोठं व्हावं अशी इच्छा.

आई रुक्मिणीबाई. ती पोराला विन्या म्हणायची. शाळेत फारशी न गेलेली, पण दिवसभर कामाच्या नादात भजनं म्हणणारी. विनोबांनी पुढं आयुष्यभर अनेक मोठ्या माणसांची नावं घेतली, पण आपल्याला घडवलं कुणी असं विचारलं की गाडी आईवरच यायची.

तिचा एक किस्सा आहे. तिनं देवाला एक लाख तांदूळ वाहायचं ठरवलं होतं आणि रोज ती एकेक दाणा मोजून वाहत बसायची. नरहरपंतांनी ते बघितलं आणि शास्त्रीय उपाय सुचवला. तोळाभर तांदळात किती दाणे बसतात ते मोजायचं, त्या हिशोबानं लाख दाण्यांचं वजन काढायचं, वर चार दाणे जास्त टाकायचे, काम झालं. आईला काय उत्तर द्यावं सुचेना. संध्याकाळी तिनं विन्याला विचारलं. विन्या म्हणाला की हा हिशोबाचा मामला नाही. एकेक दाणा उचलताना मन देवाकडं लागतं, म्हणून मोजायचं.

गणित ज्याच्या आवडीचा विषय, त्या पोरानं हे उत्तर दिलं होतं. पुढं विनोबांनी चरख्याचे तार मोजले, पायी चाललेले मैल मोजले, दानात आलेले एकर मोजले. त्या सगळ्या मोजणीत आईचे तांदूळ दिसतात.

वयाच्या दहाव्या वर्षी त्यानं मनोमन ब्रह्मचर्याचा संकल्प केला होता. डोळ्यासमोर बुद्ध, शंकराचार्य आणि समर्थ रामदास. तिघंही घर सोडून गेलेले. त्यामुळं घर सोडायचं हे ठरलेलंच होतं, फक्त दिवस ठरायचा होता. एके दिवशी त्यानं आपली सर्टिफिकेटं आईच्या चुलीत घातली. आईनं विचारलं की पुढं लागली तर? त्यावर त्याचं म्हणणं होतं की लागणारच नाहीत, मग ठेवायची कशाला.

आता काशीच का? विनायकच्या डोक्यात तेव्हा दोन वाटा होत्या. एक हिमालयात जाणारी, ब्रह्माच्या शोधाची. दुसरी बंगालची. तिथले क्रांतिकारक इंग्रजांशी लढत होते आणि त्यांचं त्याला जबर आकर्षण होतं. एकीकडं ध्यान आणि दुसरीकडं पिस्तूल. काशी दोन्हीच्या वाटेवर पडते, म्हणून आधी काशी. आजच्या भाषेत बोलायचं तर भाऊ पूर्ण कन्फ्युज होता.

काशीतले दिवस सोपे नव्हते. अन्नछत्रात एक वेळ जेवायचं, तिथं मिळणाऱ्या दोन पैशांच्या दक्षिणेत रात्रीसाठी रताळी आणि दही आणायचं, बाकीचा वेळ ग्रंथ वाचायचे. सोबत आलेल्या मित्रांपैकी एकजण तिथं आजारी पडला आणि गेला. घरापासून शेकडो कोस लांब, विशीतल्या पोरांनी आपल्या मित्राला गंगेच्या काठावर स्वतःच अग्नी दिला. शोधाला निघून दोन महिनेही झाले नव्हते.

काशीतली पंडित मंडळीही त्याला फार भावली नाहीत. द्वैत खरं की अद्वैत, यावर घाटावर वाद रंगायचे. असं सांगतात की एकदा अद्वैतवाले जिंकल्याचं जाहीर झालं तेव्हा विनायक उभा राहिला आणि हा तर अद्वैताचा पराभव आहे असं म्हणाला. दुसरा कुणी नाहीच असं मानणारा माणूस वाद घालेल कुणाशी, हा त्याचा मुद्दा होता.

पण त्याच काशीत एका भाषणाची चर्चा अजून संपली नव्हती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बनारस हिंदू विद्यापीठाचा पायाभरणी सोहळा झाला होता. त्यात आफ्रिकेतून परत आलेले गांधी बोलायला उभे राहिले आणि समोर बसलेल्या राजेमहाराजांना त्यांच्या अंगावरच्या दागिन्यांवरून सुनावलं. व्हाइसरॉयच्या बंदोबस्तावर बोलले. अ‍ॅनी बेझंटबाईंनी मध्येच थांबवायचा प्रयत्न केला. एकेक राजे उठून गेले.

विनायकनं ते भाषण वाचलं आणि त्याला काहीतरी सापडल्यासारखं झालं. त्यानं गांधींना पत्र लिहून शंका विचारल्या. उत्तर आलं. त्यानं आणखी शंका विचारल्या. तेव्हा गांधींनी कळवलं की असे प्रश्न पत्रानं सुटत नाहीत, आश्रमात येऊन राहा.

७ जून १९१६ ला विनायक अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोचला. गांधी भाजी चिरत बसले होते. देशाचा एवढा मोठा पुढारी भाजी चिरतो हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं. गांधींनी त्याच्याही हातात एक सुरी दिली. ब्रह्माच्या शोधात निघालेल्या माणसाची दीक्षा झाली ती अशी.

हिमालयातली शांती आणि बंगालची क्रांती या दोन्ही गोष्टी आपल्याला या एका माणसाजवळ मिळाल्या, असं विनोबा पुढं सांगायचे. विनोबा हे नावही आश्रमातलंच. तिथल्या मामा फडक्यांनी ते पाडलं आणि चिकटलं ते कायमचं.

गांधींनी विनोबांच्या वडिलांना पत्र पाठवलं. तुमचा मुलगा माझ्याजवळ आहे, आणि एवढ्या लहान वयात त्यानं जे वैराग्य कमावलंय त्याला मला कितीतरी वर्षं लागली, असं त्यात कळवलं होतं. बारावी इतक्या शिक्षणाची परीक्षा सोडून पळालेल्या पोराबद्दल बापाला आलेलं हे बहुधा सगळ्यात भारी पत्र असावं.

मग १९१७ मध्ये विनोबांनी आश्रमातून एका वर्षाची सुट्टी घेतली आणि वाई गाठली. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडं उपनिषदं, ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य, योगसूत्रं शिकले. मध्ये पायी गावं फिरले, लोकांना गीता शिकवली, पोरांना घेऊन जात्यावर दळण दळलं आणि त्या पैशातून वाचनालयासाठी पुस्तकं आणली. वर्ष संपलं त्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही. गांधींच्या तर ते लक्षातही नव्हतं.

इथवर सगळं छान वाटतं. मग १९१८ चा ऑक्टोबर आला.

देशभर इन्फ्लूएन्झाची साथ होती. बडोद्यात भाव्यांच्या घरातही आजारपण घुसलं. आई अंथरुणाला खिळल्याचं कळलं तरी विनोबा आश्रम सोडायला तयार नव्हते. गांधींनी जा म्हणून सांगितलं तेव्हा ते गेले. २४ ऑक्टोबरला आई गेली. धाकटा भाऊही गेला.

अंत्यविधीचा प्रश्न आला. आईचे संस्कार भटजीच्या हातून नकोत, मी स्वतः करीन, असा विनोबांचा आग्रह होता. वडिलांचं म्हणणं असं की तिला स्वतःला हे आवडलं नसतं, तिची श्रद्धा जुनी होती. आता कुणाचं चूक म्हणायचं? विनोबा हटले नाहीत आणि वडीलही हटले नाहीत. शेवटी सगळे स्मशानात गेले आणि ज्या आईमुळं आपण घडलो असं विनोबा जन्मभर सांगत राहिले, तिच्या चितेपाशी विनोबाच नव्हते. ते घरी थांबले, आंघोळ केली आणि वेद वाचायला बसले.

विनोबांच्या चरित्रातली ही जागा वाचताना थोडं थांबायला होतं. तत्त्वासाठी माणूस कुठवर जाऊ शकतो याचं कौतुकही वाटतं आणि अंगावर काटाही येतो. पण आईचं त्यांच्याकडं एक काम राहिलं होतं. तिला गीता वाचायची होती, संस्कृत येत नव्हतं, आणि विन्यानं आणून दिलेलं मराठी भाषांतर तिला जड जात होतं. तूच का लिहीत नाहीस सोप्या मराठीत, असं तिनं म्हणून ठेवलं होतं. आई गेल्यावर बारा वर्षांनी, १९३० च्या ऑक्टोबरात, विनोबा ते लिहायला बसले आणि पुढच्या फेब्रुवारीत पूर्ण केलं. तीच गीताई. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत ती पोचली, जिच्यासाठी लिहिली ती सोडून.

१९२१ मध्ये गांधींनी त्यांना वर्ध्याला पाठवलं. जमनालाल बजाज यांना तिथं आश्रम काढायचा होता. पुढची तीस वर्षं विनोबांनी जे केलं त्याची बातमी होण्यासारखं त्यात फार थोडं आहे. सूत कातायचं, विणायचं, शिकवायचं, खड्डे खणायचे, संडास साफ करायचे. कातणाऱ्याला मजुरी किती मिळते हे कळावं म्हणून ते स्वतः आठ आठ तास कातून त्या मजुरीत जगून बघायचे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात असताना दर रविवारी कैद्यांपुढं गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, म्हणून गीता प्रवचने आज आपल्या हातात आहे.

१९३८ मध्ये तब्येत इतकी ढासळली की हवापालट करा असं गांधींनी बजावलं. विनोबा पवनारला धाम नदीच्या काठी, बजाजांच्या बंगल्यात आले आणि रोज थोडं थोडं खणायला लागले. तब्येत सुधारली आणि जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या. त्यातली एक राम आणि भरताच्या भेटीची. विनोबांना गीतेवर बोलताना भरत फार आठवायचा. रामाजवळ राहायला मिळालं नाही, पण लांब राहून रामाचं काम करत राहिला तो भरत.

ऑक्टोबर १९४० मध्ये गांधींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला माणूस म्हणून विनोबांना निवडलं. दुसरं नाव नेहरूंचं होतं. हे विनोबा भावे कोण, असा प्रश्न देशभर पडला आणि त्याचं उत्तर द्यायला गांधींना लेख लिहावा लागला. तेव्हा विनोबा ४५ वर्षांचे होते.

तुरुंगातून सुटल्यावर ते पुन्हा पवनारला आले. १९४६ पासून रोज खांद्यावर फावडं घेऊन शेजारच्या सुरगावला चालत जायचे आणि तिथला मैला साफ करायचे. हे जवळपास पावणेदोन वर्षं चाललं. गांधींची हत्या झाल्यानंतर ते दिल्लीकडं निर्वासितांमध्ये गेले आणि परत आले ते एक नवा प्रयोग घेऊन. पैसा वापरायचाच नाही, आश्रमात पिकेल तेच खायचं, शेतीत बैलसुद्धा नाही. रहाट माणसांनीच ओढायचा. वय ५५. उरलेलं आयुष्य इथंच जाणार, असं त्यांना वाटत असावं.

पण एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदयाचं संमेलन होतं आणि लोकांनी या म्हणून आग्रह धरला. पैसा वापरायचा नाही म्हणजे रेल्वेही नाही. विनोबा वर्ध्याहून सुमारे ३०० मैल चालत गेले. परतताना तेलंगणातून जायचं ठरवलं.

तेलंगणात तेव्हा आग लागलेली होती. जमीनदारांच्या विरोधात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा सुरू होता. दिवसा पोलीस, रात्री दलम, आणि मध्ये सापडलेली गावं. विनोबांनी आधी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली, मग चालायला लागले.

१८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत होते. दलित वस्तीत ४० कुटुंबं राहत होती. त्यांना विचारलं काय हवंय, तर जमीन म्हणाले. किती? ८० एकर पुरे. विनोबांनी अर्ज लिहून द्या, सरकारला कळवतो असं सांगितलं. एवढ्यावर विषय संपला असता. मग त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांकडं वळून सहज विचारलं की सरकारचं राहू द्या, तुमच्यापैकी कुणी काही करू शकतं का.

रामचंद्र रेड्डी नावाचा जमीनदार उठला आणि १०० एकर देतो म्हणाला.

मागितले ८०, मिळाले १००. आणि तेही अशा भागात जिथं जमिनीवरून रोज मुडदे पडत होते.

त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. गणिती डोकं कामाला लागलं. देशातल्या सगळ्या भूमिहीनांना जमीन द्यायची तर लागेल किती? साधारण ५ कोटी एकर. म्हणजे लागवडीखालच्या जमिनीचा सहावा हिस्सा. एवढी जमीन मागून मिळते का कधी? लोक हसतील. पण दुसरीकडं वाटत होतं की आज जे झालं तो इशारा आहे. तो नाकारला तर अहिंसेवरची श्रद्धा सोडावी लागेल आणि ज्या वाटेला आपण नको म्हणतो तीच मान्य करावी लागेल. पोटात भूक घालणारा देव आईला दूधही देतो, तेव्हा मागणाऱ्यासोबत देणारेही त्यानं तयार केलेच असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सकाळी उठून ते पुढच्या गावाला गेले आणि जमीन मागितली. तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असं सांगायला लागले.

सुरतला गाडीतून उतरताना विनायकनं आपली वाट आपण निवडली होती. पोचमपल्लीत मात्र ४० कुटुंबांनी आपलं गाऱ्हाणं मांडलं आणि काम चालत अंगावर आलं. पण आधीची तीस वर्षं खड्डे खणण्यात, मैला उचलण्यात आणि मजुरीवर जगण्यात गेली नसती तर भूमिहीनांची भाषा त्यांना त्या दिवशी कळली असती का, शंका आहे.

पुढची तेरा वर्षं विनोबा चालत राहिले. पहाटे तीनला उठायचं, कंदील घेऊन निघायचं, रोज नवं गाव. पोटात अल्सर, खाणं म्हणजे दही आणि मध. एकट्या बिहारनं २० लाखांहून जास्त एकर दिले. १९५३ मध्ये दलितांना घेऊन देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात गेले तर पंड्यांनी मारहाण केली. कानावर फटका बसला आणि ऐकू येणं कमी झालं. १९५८ मध्ये पंढरपुरात मात्र उलटं घडलं. विठ्ठलाच्या देवळात ते वेगवेगळ्या जातीधर्मांच्या माणसांसोबत आत गेले, त्यात मुसलमान आणि ख्रिश्चन घरातल्या मुलीही होत्या. विठोबापुढं उभं राहिल्यावर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी त्यांच्यापुढं बंदुका ठेवल्या.

आता हिशोब. मागितले होते ५ कोटी एकर, मिळाले सुमारे ४२ लाख. त्यातली बरीच जमीन खडकाळ, वादातली किंवा नुसती कागदावरची निघाली आणि वाटपही रखडलं. जमीनदारांना सोपी सुटका करून दिली अशी टीका झाली आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. तरी कायद्याचा बडगा आणि बंदूक नसताना एका माणसानं मागून एवढी जमीन मिळवल्याचं दुसरं उदाहरण सापडणं अवघड आहे.

आणखी एक डाग लागला तो आणीबाणीत. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबा वर्षभराच्या मौनात होते. त्यांचे जुने सहकारी जयप्रकाश नारायण तुरुंगात गेले. ज्या जेपींनी १९५४ मध्ये बोधगयेला भूदानासाठी जीवनदान दिलं होतं, तेच जेपी. आणि अशा वेळी विनोबांच्या नावानं अनुशासन पर्व हे दोन शब्द बाहेर आले. सरकारनं ते भिंतीभिंतीवर लावले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन. पण तोवर सरकारी संत हा शिक्का बसला होता, आणि अनेकांनी तो शेवटपर्यंत पुसला नाही. सर्वोदयाचं घर मधोमध दुभंगलं.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. थोडं बरं वाटायला लागलं होतं, पण त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही बंद केलं. इंदिरा गांधी भेटून गेल्या. अनेकांनी विनवलं. ते ऐकेनात. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, सकाळी त्यांनी देह ठेवला. पुढच्या वर्षी भारतरत्न जाहीर झाला.

पदयात्रा ऐन भरात असतानाच, १९५९ मध्ये, विनोबांनी पवनारच्या त्या नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं होतं. स्त्रियांनी चालवायचा आश्रम. ब्रह्मविद्या हा आजवर पुरुषांचा प्रांत राहिला, आता बायकांनी त्यात उतरावं ही त्यामागची कल्पना. आश्रमाला प्रमुख नाही. निर्णय घ्यायचा तर सगळ्यांचं एकमत लागतं. शेती, स्वयंपाक, साफसफाई सगळ्या मिळून करतात आणि खणताना निघालेल्या त्या मूर्ती तिथंच ठेवलेल्या आहेत, भरत आणि रामाच्या भेटीसकट.

आश्रम सुरू करायला विनोबांनी तारीख निवडली होती २५ मार्च.